आकडा मोजला कुणी? सामाजिक शास्त्रांच्या तासाला आकडेवारी तपासायला शिकवताना

आठवी ते दहावीच्या भूगोल-नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत आकड्यांना तोटा नाही. मुले ते पाठ करतात, आलेख काढतात, गुण मिळवतात. पण हा आकडा कुणी मोजला, कुणाला विचारून, कधी आणि कोणती व्याख्या धरून, हे विचारायची सवय त्यातून लागत नाही. ती लावायला वेगळा विषय लागत नाही आणि संगणक कक्षही लागत नाही. साधारण सहा तासिका, दोन-तीन झेरॉक्स, आलेख कागद आणि गटामागे एक कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागते.

नवे शिक्षक बहुतेक वेळा सुरुवात करतात ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खोट्या आकड्यांपासून. ते टाळा. त्यातून मुले एवढेच शिकतात की काही लबाड लोक आकडे बनवतात. प्रामाणिकपणे मोजलेल्या आकड्यातही कुणाला धरायचे आणि कुणाला वगळायचे याचे निर्णय दडलेले असतात, हा अवघड भाग तसाच राहतो. म्हणून सुरुवात जनगणनेपासून करावी. २०११च्या जनगणनेची प्राथमिक सारणी गावपातळीपर्यंत खुली आहे, आणि प्रगणक म्हणून तुमच्याच शाळेतले कुणी शिक्षक घरोघर फिरलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

तयारी

खालचे सात जिल्हे एका कागदावर लिहून गटागटाला द्या. गट चार-पाच मुलांचा असावा. सहापेक्षा जास्त झाले की दोघे गणित करतात आणि बाकीचे गप्पा मारतात. लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) मात्र छापू नका, ते मुलांनी काढायचे आहे.

रत्नागिरी: पुरुष ७,६१,१२१, स्त्रिया ८,५३,९४८
सिंधुदुर्ग: पुरुष ४,१७,३३२, स्त्रिया ४,३२,३१९
सातारा: पुरुष १५,१०,८४२, स्त्रिया १४,९२,८९९
गडचिरोली: पुरुष ५,४१,३२८, स्त्रिया ५,३१,६१४
ठाणे: पुरुष ५८,६५,०७८, स्त्रिया ५१,९५,०७०
मुंबई उपनगर: पुरुष ५०,३१,३२३, स्त्रिया ४३,२५,६३९
मुंबई शहर: पुरुष १६,८४,६०८, स्त्रिया १४,००,८०३

तुमचा जिल्हा यात नसेल तर तो आठवा म्हणून घाला. त्यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिका पाहा. तिचा एक भाग गाव-शहर निर्देशिकेचा असतो (शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना आहे की नाही) आणि दुसरा प्राथमिक सारणीचा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ही उपयोगी पडते.

कागद झेरॉक्सला देण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, आकडे तात्पुरते आहेत की अंतिम? राज्याचे साक्षरता प्रमाण मार्च २०११च्या तात्पुरत्या आकड्यांत ८२.९१ टक्के होते, अंतिम आकड्यांत ते ८२.३४ झाले. दोन मुले दोन आकडे घेऊन आली तर दोघांचाही स्रोत खरा असू शकतो. दोन, जनगणनेच्या सारणीत जिल्हे ३५ आहेत, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११चे ठाणे आणि आजचे ठाणे शेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष काढणारा गट हमखास निघतो. तीन, सारणीत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही जुनी नावे आहेत. मुले शोधताना तिथे अडतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

पहिली तासिका: गणित, आणि गणितातल्या चुका

स्त्रियांची संख्या भागिले पुरुषांची संख्या, गुणिले १०००. उत्तरे वरच्या क्रमाने अशी यावीत: ११२२, १०३६, ९८८, ९८२, ८८६, ८६०, ८३२.

एखाद्या गटाचे मुंबई शहराचे उत्तर १२०३ येईल. त्यांनी भागाकार उलटा केलेला असतो. लगेच खोडू नका. भारतात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतात, पण बऱ्याच देशांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. दहावीच्या भूगोलात भारत-ब्राझील तुलना आहे, तिथे हे थेट कामाला येते. ब्राझीलच्या २०२२च्या जनगणनेत शंभर स्त्रियांमागे ९४.२ पुरुष आहेत. आपल्या पद्धतीने मांडले तर ते सुमारे १०६२ होते. एकक न पाहता ब्राझीलचे ९४ आणि भारताचे ९४३ शेजारी लिहिणाऱ्या मुलाला शून्य गुण देण्यापेक्षा हे रूपांतर त्याच्याकडून फळ्यावर करून घ्या.

मग विचारा: मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांचे मिळून गुणोत्तर किती? निम्मा वर्ग ८३२ आणि ८६० यांची सरासरी काढून ८४६ सांगेल. मूळ संख्या मिळवून भागले तर ५७,२६,४४२ भागिले ६७,१५,९३१, म्हणजे ८५३ येते. उपनगरात लोक तिप्पट आहेत, त्यामुळे त्याचे वजन जास्त. गुणोत्तरांची आणि टक्केवाऱ्यांची सरासरी काढायची नसते, ही गोष्ट दहा वेळा सांगून डोक्यात जात नाही. या एका उदाहरणाने जाते.

तास संपताना एकच प्रश्न फळ्यावर ठेवा: रत्नागिरीत ११२२ आणि मुंबईत ८३२ का? उत्तर सांगू नका. कोकणातल्या मुलांना ते घरातूनच मिळेल. चाकरमानी मुंबईला, बायको-मुले-आईवडील गावाला. ‘कोकणात मुलींना जास्त मान म्हणून’ असेही उत्तर येईल. ते तपासायला शून्य ते सहा वयोगटाचा आकडा बघायला सांगा. रत्नागिरीतही तो हजाराच्या खाली आहे, म्हणजे जादा स्त्रिया मोठ्या वयोगटांत आहेत. दोन स्पष्टीकरणे आणि त्यांतून निवड करू शकणारा तिसरा आकडा, एवढी सवय लागली तरी तासाचे सार्थक झाले.

दुसरी आणि तिसरी तासिका: व्याख्या

या भागाला दोन तासिका द्या, वेळ कमी पडला तर दुसरीकडून कापा. पुढची उदाहरणे सगळी घ्यायची गरज नाही, तुमच्या वर्गाला जवळची दोन-तीन निवडा.

साक्षरता. जनगणनेत सात वर्षे व त्यावरील व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकते असे सांगितले गेले की ती साक्षर. प्रगणक सहसा परीक्षा घेत नाही; घरातला जो माणूस माहिती देतो, त्याचा शब्द धरला जातो. महाराष्ट्राची २०११ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुले १,३३,२६,५१७ आणि साक्षर ८,१५,५४,२९०. मुलांना दोन भागाकार करायला लावा. साक्षरांना सगळ्या लोकसंख्येने भागले तर ७२.५७ टक्के, मुले वगळून भागले तर ८२.३४. एकही माणूस न बदलता दहा टक्क्यांचा फरक पडला. आता विचारा, छेदात कोण असावे? तान्ह्या बाळाला निरक्षर म्हणण्यात अर्थ नाही, हे मुले स्वतःच सांगतात. म्हणजे दुसरी व्याख्या अधिक वाजवी आहे. इथे एक जाणीव करून द्या की निवड करणे म्हणजे लबाडी करणे नव्हे.

शहर. नगरपालिका नसलेले गाव जनगणनेच्या दृष्टीने ‘शहर’ ठरायला तीन अटी होत्या: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. एक काल्पनिक गाव द्या: लोकसंख्या ६,२००, घनता ४५०, मुख्य काम करणारे पुरुष १,५००, त्यांतले शेतीबाहेर १,१००. टक्केवारी ७३.३, म्हणजे हे गाव खेडे. आणखी २५ पुरुष एमआयडीसीत लागले की ११२५, बरोबर ७५ टक्के, आणि गाव शहर झाले. रस्ता तोच, गटारे तीच, कारभार ग्रामपंचायतीचाच. एखादी मुलगी विचारतेच, ‘शेतात राबणाऱ्या बायका कुठे गेल्या?’ कुणी विचारले नाही तर तुम्ही विचारा. त्या या अटीत मोजल्याच जात नाहीत.

याचा खरा परिणाम दाखवायला केरळ घ्या. २००१ मध्ये तिथली शहरी लोकसंख्या २६ टक्के होती, २०११ मध्ये ४७.७ टक्के. दहा वर्षांत निम्मे केरळ शहरात राहायला गेले नाही. अशा ‘जनगणना शहरां’ची संख्या ९९ वरून ४६१ झाली, हे मुख्य कारण.

काम. घरचा स्वयंपाक, पाणी आणणे, मुले-म्हातारे सांभाळणे हे जनगणनेच्या व्याख्येत काम नाही, त्यामुळे दिवसभर राबणारी आई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. या अदृश्य कामाचे मोजमाप राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात झाले. सहा वर्षांवरील व्यक्तींत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७. वर्गात एवढेच सांगितले की गुणोत्तर साधारण तिप्पट दिसते. पण ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. त्या दिवशी घरकाम केले अशा स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. सगळ्यांची सरासरी काढायला लावा: २९९ गुणिले ०.८१२ म्हणजे २४३ मिनिटे, ९७ गुणिले ०.२६१ म्हणजे २५ मिनिटे. तिप्पटीचे जवळजवळ दहापट झाले. दोन्ही आकडे खरे आहेत. बातमी लिहिणारा कोणता उचलतो आणि दुसरा का सोडतो, यावर पंधरा मिनिटे सहज चर्चा होते. मुलग्यांना टोमणे मारण्यात ती संपणार नाही एवढे सांभाळा.

भाषा. २०११मध्ये हिंदी भाषक ५२.८३ कोटी दाखवले आहेत. त्यांत भोजपुरी मातृभाषा सांगणारे ५.०५ कोटी आणि राजस्थानीसारख्या इतर अनेक मातृभाषा सामावलेल्या आहेत. याउलट खानदेशी ही मराठीत न मिळवता वेगळी भाषा म्हणून नोंदली गेली, तिचे भाषक १८.६ लाख. जळगाव-धुळ्याच्या शाळेत हा मुद्दा सोडू नये. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला प्रगणकाने विचारले तर तो काय सांगेल, त्याचे वडील काय सांगतील, आणि का, हे लिहून घ्या.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची आहे आणि तिच्यात जातीची नोंद होणार आहे. सर्व जातींची अशी नोंद शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१च्या जनगणनेत. वर्गात हा विषय आला तर ‘मोजावे का’ या वादात शिरण्याआधी ‘कसे मोजणार’ इथे थांबा: एकाच जातीची चार गावांत चार नावे असतील तर रकाना कुणी ठरवायचा? मुलांची स्वतःची जात मात्र उदाहरणासाठीही विचारू नका.

चौथी तासिका: दोन सरकारी आकडे भांडतात तेव्हा

नोव्हेंबर २०२१ मध्ये बातम्या झळकल्या की देशात आता पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लिंग गुणोत्तर १०२० आले होते. २०११च्या जनगणनेत देशाचे गुणोत्तर ९४३. फळ्यावर दोन्ही लिहा आणि गटांना विचारा: दहा वर्षांत एवढी उडी शक्य आहे का?

मुलांना चार दुवे द्या. जनगणना सगळ्यांची असते, सर्वेक्षण नमुन्याचे. या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे होती. सर्वेक्षणात आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेले लोक धरले. वसतिगृहे, बांधकामाच्या साइटवरच्या झोपड्या, बराकी अशा ठिकाणचे पुरुष घरांच्या नमुन्यात सहसा येत नाहीत. आणि त्याच सर्वेक्षणात मागच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांचे गुणोत्तर ९२९ आहे. पहिली तासिका नीट झाली असेल तर कुणीतरी ‘म्हणजे रत्नागिरीसारखंच’ असे म्हणेल. नाही म्हणाले तर जुना कागद पुन्हा काढायला सांगा.

इथेच सर्वांत मोठा धोका असतो. तीन-चार तास आकड्यांच्या खोड्या बघितल्यावर मुले निष्कर्ष काढतात, ‘सर, सगळे आकडे खोटेच असतात.’ असे झाले तर शिकवलेले उलटले समजा. ज्याला सगळेच खोटे वाटते त्याला काहीही पटवता येते. त्यावर उपाय म्हणजे तपासणीला उतरणारा आकडा त्याच तासात देणे. महाराष्ट्राचे शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. व्याख्या तीच, मोजणीची पद्धत तीच, आणि एवढी लहान मुले पोटापाण्यासाठी एकटी स्थलांतर करत नाहीत. बीडमध्ये हे गुणोत्तर ८९४ वरून ८०७ वर आले. वर सांगितलेले सगळे आक्षेप मुलांनी यावर लावून बघावेत. घसरण टिकते.

हे शिकवताना गावपातळीवर उतरू नका. एखाद्या वाडीत १२ मुलगे आणि ९ मुली असतील तर गुणोत्तर ७५०, आणखी एक मुलगी जन्मली की ८३३. छोट्या संख्येत एका बाळाने आकडा ८३ने हलतो. त्यावरून गावाला नावे ठेवणे चूक, आणि त्या गावातली मुले वर्गात बसलेली असतात.

पाचवी तासिका: आलेख आणि नकाशा

एकाच आकड्यांचे दोन स्तंभालेख काढून घ्या. अर्ध्या वर्गाने अक्ष शून्यापासून, १ सेंमी = १०० स्त्रिया; मुंबई शहर ८.३ सेंमी, रत्नागिरी ११.२. उरलेल्यांनी अक्ष ८०० पासून, १ सेंमी = २० स्त्रिया; मुंबई १.६ सेंमी, रत्नागिरी १६.१. कागद भिंतीला शेजारी शेजारी लावा. दुसऱ्यात दहापट फरक दिसतो, कारण ८००च्या वरचा तुकडाच उरला आहे.

‘अक्ष नेहमी शून्यापासून’ असा नियम मात्र देऊ नका. स्तंभाची लांबी हेच माप असल्यामुळे स्तंभालेखाला तो लागू पडतो. वरच्या ९४६-९१३-८९४चा रेषालेख शून्यापासून काढला तर घसरण दिसतच नाही. तिथे अक्ष मधून सुरू करावा आणि तसे ठळक लिहावे.

नकाशासाठी नववीच्या भूगोलातली क्षेत्रघनी पद्धत (आकड्यानुसार जिल्ह्याला रंगछटा देण्याची) घ्या. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किमी, लोक १०.७३ लाख. मुंबई उपनगर ४४६ चौरस किमी, लोक ९३.५७ लाख. रंगवलेल्या नकाशात गडचिरोली डोळ्यांत भरते आणि मुंबई पेन्सिलच्या टोकाएवढी. मग हा नकाशा लोकांबद्दल बोलतो की जमिनीबद्दल? एवढे विचारून पुढे जा.

सहावी तासिका: स्वतः मोजून बघा

वेळ-वापर सर्वेक्षणाचीच रीत वापरा: पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ चौकटी. प्रत्येकाने स्वतःचा एक रविवार भरायचा. रकाने वर्गाने मिळून आधी ठरवायचे. इथे खरे भांडण जुंपते: धाकट्या भावाला खेळवणे हे खेळ की काम? मोबाइल बघत भाजी निवडली तर? हे भांडण मिटवू नका. निर्णय आणि त्याचे कारण मोठ्या कागदावर लिहून ठेवा. तोच तुमच्या सर्वेक्षणाचा व्याख्यापट.

कागदावर नाव नको. उत्पन्न, जात, जमीन, शौचालय, आजारपण, पालकांचे व्यसन यांतले काहीही विचारायचे नाही. मुलगे-मुली अशी विभागणी करताना कोणत्याही गटात पाचपेक्षा कमी मुले राहिली तर तो गट वेगळा दाखवायचा नाही, कारण कोण ते लगेच ओळखू येते. गूगल फॉर्म वापरायचा मोह आवरा. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती अपेक्षित आहे, आणि कागदावर काम तसेही चांगले होते. मोजणी झाली की कागद मुलांना परत द्या.

निष्कर्ष लिहिताना ‘मुली जास्त काम करतात’ असे वाक्य आले तर ते दुरुस्त करून घ्या: ‘आमच्या वर्गातल्या अमुक मुलींनी एका रविवारी सरासरी इतकी मिनिटे घरकाम नोंदवले.’ वाक्य लांबते, पण खरे होते.

मूल्यमापन

घटक चाचणीत ‘लिंग गुणोत्तर म्हणजे काय’ विचारू नका. वर्गात न वापरलेली, आकडा असलेली एक बातमी द्या आणि दहा गुण असे वाटा: कुणी, कधी मोजले ते शोधणे २, कोणती व्याख्या किंवा छेद वापरला ते सांगणे ३, कोण सुटले असेल ते कारणासह ३, आणि तरीही या आकड्यावरून काय खात्रीने म्हणता येते, २. शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे लिहिणाऱ्याला शून्य. बातमीत माहिती नसेल तर ‘बातमीत दिलेले नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, आणि हे चाचणीआधीच सांगावे. नाहीतर मुले स्रोत बनवून लिहितात.